पणजीचं नाव

आजी २००३ साली गेली. मातीनंतर दोन दिवसांनी मृत्यूची नोंद करायला अण्णांबरोबर मीही गेले होते. फॉर्मवर एक रकाना होता, मृताच्या आईचं नाव. अण्णांचा पेन तिथे थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आजीला स्वतःलाच तिच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. मागे रांग होती. अण्णांनी सावत्र पणजीचं नाव लिहिलं आणि सही केली. त्या दाखल्याच्या नकला पुढे बँकेत गेल्या, वारसाच्या कागदांना जोडल्या गेल्या. जिने आजीला जन्म दिला तिचं नाव कुठेच नाही आणि जिचं आहे ती आजीची आई नव्हे, हे मला पुढची वीस वर्षं टोचत राहिलं.

आम्ही लिंगायत वाणी. घरात मराठी, मठात कन्नड. आजीचं माहेर बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, नंदगडच्या अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण घरातली माणसं तिथेच राहतात. आईविषयी आजी फार थोडं सांगायची आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगायची. "मी बारीक हुतो. मानमोडी आली न्हवं, त्यात गेली. त्या वर्साला गावानं दसऱ्याचं सोनंबी लुटलं न्हाई. आंब्याखाली माती दिली म्हणं." आणि नाव? "कुणी घेतलंच न्हाई बघ. इचारलं की मामी गप करायची."

शाळेतून निवृत्त झाले आणि २०२३ च्या पावसाळ्यानंतर शोधाला लागले. बरोबर वही होती आणि आजीची ही चार वाक्यं.

चार वाक्यं थोडी नव्हेत, हे नंतर कळलं. मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. साथीची दुसरी, जीवघेणी लाट सप्टेंबरात मुंबईला भडकली आणि रेल्वेने, बाजारांनी सगळ्या इलाख्यात पसरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं गेल्याची नोंद आहे. मुंबई इलाख्याचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. त्यातच पाऊस गेलेला. विशी-तिशीतली धडधाकट माणसं जास्त गेली, आणि पोटुशी बायका तर फारच. त्या साली दसरा ऑक्टोबरच्या मध्यावर आला होता. म्हणजे मला शोधायचा होता एक महिना. माणसाला नावावरून शोधू म्हणणाऱ्याला जुन्या दप्तरात हाती काही लागत नाही. दप्तर गावावर आणि वर्षावर बांधलेलं असतं. नाव सगळ्यात शेवटी येतं.

आमच्यात दहन नाही. गेलेल्याला बसवून माती देतात. आजीच्या वेळी मी सगळं जवळून पाहिलं होतं. खड्डा खोल, आणि त्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरलेला. आजीला मांडी घालून त्या कोनाड्यात बसवलं, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर तिचं इष्टलिंग, मांडीवर बेलाची पानं. आमचे पुरोहित, जंगम, मंत्र म्हणत होते आणि वरून माती पडत होती, आधी मुठीमुठीने, मग फावड्याने. ज्यांच्यात दहन असतं त्यांची राख नदीला जाते. आमचं माणूस जागेवर राहतं. म्हणून जागा माहीत असावी असं वाटतं. पण साध्या माणसांच्या जागेवर दगड ठेवायची पद्धत आमच्या गावात नाही. चार पावसाळ्यांत उंचवटा बसतो आणि जागा गवताची होते.

या जिल्ह्यात कुणाची जागा राहिली ते बघायला फार लांब जावं लागत नाही. नंदगडला संगोळ्ळी रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिलं आणि तिथेच पुरलं. त्या जागेवर वडाचं झाड आहे. मूल व्हावं म्हणून लोक त्या झाडाला लाकडी पाळणे बांधतात. लहानपणी आजीचं बोट धरून मी ते पाळणे मोजायची. कित्तूरची राणी चन्नम्मा १८२९ मध्ये बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना वारली. तिची समाधी बैलहोंगलात आहे. तीही लिंगायत, तिलाही मातीच दिली. कित्तूरच्या लढाईत २३ ऑक्टोबर १८२४ ला मारला गेलेला कलेक्टर थॅकरे, त्याच्यावर धारवाडात उंच दगडी खांब उभा आहे. राज्याने एकाची जागा दगडाने राखली, दोघांची लोकांनी श्रद्धेने राखली. माझ्या पणजीची राखायला एक तीन वर्षांची पोर होती.

सुरुवात ग्रामपंचायतीपासून केली. तिथे जन्म-मृत्यूच्या वह्या आहेत, पण १९६९ चा नोंदणी कायदा अमलात आल्यानंतरच्या. त्याआधीचं सगळं तालुक्याला, असं सांगितलं. त्याच कायद्याच्या कलम १७ प्रमाणे फी भरून कुणालाही नोंद शोधून मागता येते आणि तिचा दाखला घेता येतो. हे कलम मी पाठ करून गेले होते, आणि एवढ्या खेपांत ते मला दोनदा म्हणून दाखवावं लागलं. दाखल्यात मृत्यूचं कारण मात्र देत नाहीत, तसं कायद्यातच आहे. म्हणून वही प्रत्यक्ष डोळ्यांनी बघायला मिळाली तर ती संधी सोडू नये.

एका कचेरीत माझा मराठी अर्ज परत केला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. ज्या वहीसाठी अर्ज करत होते ती वही मराठीत आहे, हे मी बोलून दाखवलं. खिडकीतल्या माणसाने मान हलवली, पण अर्ज घेतला नाही. घरी येऊन शेजारच्या मुलीकडून कन्नडमध्ये लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी दिला. पुढे रेकॉर्ड रूममध्ये जो कारकून भेटला तो मूळचा गोकाककडचा, कन्नडच बोलणारा, आणि माझं काम खऱ्या अर्थाने झालं ते त्याच्यामुळे. तो म्हणाला, "अक्का, हे मोडी आमाला वाचाय येत न्हाई. बस्ता काढून देतो, तुमी बसून बघा." आणि तो बस्ता त्याने तीन वेगवेगळ्या दिवशी, तीनदा काढून दिला.

बस्ता म्हणजे लाल खारव्याच्या कापडात बांधलेलं दप्तर. गाठ सोडली की आधी धूळ नाकात जाते, मग जुन्या कागदाचा कुबट गोडसर वास. कसर लागलेली पानं एकमेकांना चिकटलेली असतात. ती ओढायची नाहीत, खालून हात घालून उचलायची. पहिल्या दिवशी मी नुसतीच बघत बसले. रकान्यांचे मथळे छापील बाळबोध, ते सहज वाचता येत होते. अनुक्रम, तारीख, नाव, जात, वय, कारण. पण खाली हाताने लिहिलेली सगळी मोडी, आणि मोडी मला येत नव्हती.

मग तीन महिने मोडी शिकले. बेळगावातल्या एका जाणत्या गृहस्थांकडे दर रविवारी जायचे. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढून घेतात आणि मग अक्षरं तिला लोंबत जातात. बोरू उचलायचा नाही, म्हणून अक्षराला अक्षर जोडलेलं. शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पहिले काही आठवडे एका ओळीत दोन शब्द लागले तरी आनंद व्हायचा. सरांनी पहिल्याच दिवशी दोन शब्द फळ्यावर लिहून दिले होते, 'बिन' आणि 'कोम'. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम म्हणजे अमक्याची बायको. "बाईला शोधायचं असेल तर पानावर आधी कोम शोधा," सर म्हणाले. "त्याच्या मागे ती, पुढे नवरा. आणि कधी कधी मागे कुणीच नसतं."

हे शेवटचं वाक्य वह्या चाळताना समजलं. कितीतरी ओळींत बाईचं नावच नाही. 'बायको अमक्याची.' 'सून तमक्याची.' लहान मुलांना तर नाव क्वचितच. 'मुलगी.' 'मुलगा.' आणि पुढे बापाचं नाव.

वही कशी लिहिली जायची, हे कळल्याशिवाय ती वाचता येत नाही. गावात कुणी गेलं की खबर पाटलाकडे जायची. तराळ घरोघर फिरायचा, आमच्याकडे वालीकार म्हणतात. तो सांगायचा आणि कुलकर्णी लिहायचा. मग महिन्याचा गोषवारा तालुक्याला जायचा. कारणाच्या रकान्यात पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण अशी ठरलेली नावं. १९१८ च्या साथीला त्यात वेगळं घर नव्हतं. म्हणून मानमोडीने गेलेली बहुतेक सगळी माणसं वहीत 'ताप' म्हणून आहेत. महाराष्ट्रात कुणबी नोंदींमुळे आता घरोघर ज्याचं नाव ऐकू येतं तो जुना गाव नमुना १४ म्हणजे हीच जन्म-मृत्यूची वही. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं, त्यामुळे इकडच्या जुन्या दप्तरातही तीच पद्धत सापडते.

मोडी शिकून परत गेले. १९१८ ची वही होती. जानेवारीपासून पानं उलटत गेले. एरवी गावात महिन्याकाठी दोन, तीन, कधी चार ओळी. जूनमध्ये एकच. सप्टेंबरच्या शेवटी अक्षर बदललं, आधीचं टपोरं आणि सावकाश, नंतरचं घाईचं. ऑक्टोबर सुरू झाला आणि पान भरलं. उलटलं, तेही भरलेलं. त्याच्या पुढचंही. ताप. ताप. ताप. ताप. कारकुनाने मागून विचारलं, "सापडलं का अक्का?" मला बोलता येईना. मी फक्त पान त्याच्यासमोर धरलं. अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण एकाखाली एक तोच शब्द आहे एवढं कुणालाही दिसत होतं. तो माझ्यासाठी पाणी घेऊन आला.

११ ऑक्टोबरला पणजोबांचं नाव 'कोम'च्या पुढे सापडलं. जात लिंगायत वाणी, वय २०, ताप. 'कोम'च्या मागे नाव होतं. पण त्याच्या सुरुवातीलाच कसरीने भोक पाडलं होतं. उरलं होतं ते '…लवा'. मोडीत नीलव्वा असो, कल्लव्वा असो की मल्लव्वा, जोडाक्षराचा भरवसा नसतो. वीस वर्षांची वाट, आणि अक्षर नेमकं पहिलंच गेलेलं.

तिथेच थांबले असते तर दुसरी ओळ दिसली नसती. त्याच पानावर पाच-सहा ओळी वर, ९ ऑक्टोबरला, पणजोबांचं नाव आणखी एकदा होतं. 'मुलगा.' वय एक दिवस. कारण, इतर.

आजीला भाऊ झाला होता. आजीला ते कधीच कळलं नाही.

संध्याकाळच्या बसने तशीच आजीच्या माहेरी गेले. तिथे आता तात्या असतात, आजीच्या सावत्र भावाचा मुलगा. त्यांची आई नव्वदीच्या पुढची. त्या दोघांना मी दोन ओळी वाचून दाखवल्या. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हातारी म्हणाली, "बाळंतीण गेली हुती व्हय ती. म्हणून." एवढंच. पण त्या 'म्हणून'मध्ये सगळं होतं. ओली बाळंतीण गेली की ती अळवंतीण होते, हडळ होते, घरातल्या लेकराला हाक मारते, ही आपल्याकडची जुनी भीती. मातीहून परतताना वाटेवर राळे टाकायचे, म्हणजे ती दाणे मोजत बसेल आणि घरापर्यंत पोचणार नाही. उंबऱ्यात खिळा मारायचा. आणि तिचं नाव घ्यायचं नाही.

तात्या उठले, मला मागच्या दाराकडे घेऊन गेले आणि कंदील खाली धरला. वीज होती, पण त्या कोपऱ्यात दिवा नाही. जुन्या सागवानी उंबऱ्यात डाव्या बाजूला लोखंडी खिळ्याचं डोकं होतं, करंगळीच्या नखाएवढं, पायांनी घासून गुळगुळीत झालेलं. लहानपणी सुट्टीत आले की त्या उंबऱ्यावर बसून मी चिंचा खायची. तो खिळा मी हजारदा पाहिला होता. ज्या आजीने हट्ट करून नाव विचारलं असेल आणि मामीने जिला गप केलं असेल, ती आजीही आयुष्यभर माहेरी आली की तोच उंबरा ओलांडून परसात जायची.

लोकांना मी दोष देत नाही. आठवड्यात घरची दोन माणसं गेली होती, तिसरं तीन वर्षांचं अंगणात खेळत होतं. ते तरी राहावं म्हणून केलं असेल. पण ज्या कुलकर्ण्याने त्या महिन्यात घाईच्या अक्षरात पान भरून काढलं, त्याने तिचं नाव गाळलं नाही, याबद्दल त्या अनोळखी माणसाचे मला पाय धरावेसे वाटतात.

पहिलं अक्षर मात्र हवं होतं. कुणीतरी हेळव्याला विचार म्हणालं. हेळवी आमच्या भागात सगळ्यांना माहीत. सुगी झाली की येतात, पूर्वी बैलावर बसून, घंटा वाजवत, आता टेम्पोने. कन्नडमध्ये हेळव म्हणजे लंगडा. बसवेश्वरांनी एका लंगड्या भक्ताला बैल दिला आणि घरोघरच्या वंशावळी सांगत फिर म्हणून सांगितलं, अशी त्यांची कथा. मूळ पुरुष कोण, कुठल्या गावाहून आला, कुणाला किती मुलगे, मुली कुठे दिल्या, सगळं त्यांच्या वहीत. घरची नावं तालात म्हणत गेले की अंगावर काटा येतो. तात्यांचा हेळवी आला तेव्हा मी मुद्दाम गेले. त्याने सात पिढ्या म्हटल्या. पणजोबांपाशी आला. बायको एक, तीही सावत्र पणजीच. मुलगे दोन, कन्या एक, आजी. पहिलीचं नावच नाही. तिच्या पोटी वंश चालवणारा मुलगा राहिला नाही, म्हणून वहीला तिची गरज पडली नसावी. आजी त्या वहीत दुसरीच्या खाली लावलेली होती.

मग राहिलं पणजीचं माहेर. ते चंदगड तालुक्यात, एवढं म्हातारीला ठाऊक होतं. चंदगड १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबरला राज्यं नव्याने आखली तेव्हा बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड कोल्हापूर जिल्ह्याला जोडलं. एका घरची सून, तिचं माहेर आणि सासर, दोन्ही एका कलेक्टरच्या हुकमतीत होती. आता तिच्या जन्माचे कागद एका राज्यात आणि मृत्यूचे दुसऱ्या. सीमेची आंदोलनं आम्ही पाहिली, मोर्चांना गेलो. पण सीमा बस्त्यांमधूनही गेली आहे, हे मला पाटणे फाट्यावर बस बदलताना पहिल्यांदा जाणवलं.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. आजी १९१५ ची. म्हणजे तिच्या जन्माची नोंद चंदगडकडच्या त्या गावात असायला हवी. तिकडे काम सोपं गेलं. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली गेली होती, मोडी वाचणारे बसवले होते, वह्या धूळ झटकून वर आलेल्या होत्या. मराठीत अर्ज केला. १९१५ ची जन्माची वही निघाली. तिथे आईच्या नावाचा रकाना नव्हता. मुलगी, बापाचं नाव, परगावचा. पण शेवटी शेऱ्याच्या जागेत लिहिणाऱ्याने खबर कुणी दिली ते टिपून ठेवलं होतं. ते मी तीनदा वाचलं, मग शेजारी बसलेल्या मोडी वाचणाऱ्या मुलाला वाचायला लावलं. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. 'आजा खबर देतो की मुलगी नीलवा इस कन्या जाहली.'

नीलव्वा.

मी ते मोठ्याने म्हटलं. कचेरीतल्या दोघातिघांनी वळून पाहिलं.

या सगळ्या काळात माझी एक जुनी मैत्रीण बरोबर होती. आम्ही दोघी एका शाळेत शिकवायचो. ती मराठी ख्रिस्ती. तिच्या घरच्यांचा शोध आम्ही एका दुपारी संपवला, तो फरक सांगायलाच हवा. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झालं, आणि मिशनच्या मागोमाग बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या वह्या आल्या. चर्चमध्ये दफनाची वही तिच्यासमोर उघडली गेली तेव्हा त्यात तिच्या पणजीचं स्वतःचं नाव होतं, वय होतं, मृत्यूचा दिवस वेगळा, दफनाचा वेगळा, आणि विधी करणाऱ्याची सही. कॅम्पातल्या गोऱ्या पलटणींची तर आणखी सोय. सेंट मेरीज चर्च १८६९ चं, पण छावणी त्याच्या कितीतरी आधीची. अशा चर्चांच्या नोंदींच्या नकला दर वर्षी मुंबईला आणि तिथून लंडनला जायच्या. मुंबई इलाख्याच्या त्या नकला ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या क्रमाखाली ठेवल्या आहेत. बेळगावची वही कसरीने खाल्ली तरी लंडनची शिल्लक राहते. आपल्या गाववह्यांची अशी दुसरी प्रत नाही. एका बस्त्याला कसर लागली की त्या गावची त्या सालची माणसं गेली. मैत्रिणीने तिच्या पणजीच्या कबरीवर फुलं ठेवली. आम्ही दोघी तिथे बराच वेळ बसलो. तिला माझ्यासाठी वाईट वाटत होतं आणि मला तिच्यासाठी बरं.

जागेचा शोध वेगळा. तो माणसांच्या कागदांत नाही, जमिनीच्या कागदांत करायचा. मसणवटीला सर्व्हे नंबर असतो, तो गावनकाशावर दिसतो आणि उताऱ्यावर तिथे स्मशान म्हणून लागलेलं असतं. ज्यांच्या गावात रुद्रभूमी असो की कबरस्तान, हद्दीवरून कुरबुरी आहेत, त्यांनी आधी जुन्या नकाशाची नक्कल काढून ठेवावी. वाद सुरू झाल्यावर काढायला गेलं तर ती वेळेवर मिळत नाही. आमच्या गावच्या नंबराचं क्षेत्र नकाशात होतं तेवढं आज प्रत्यक्ष दिसत नाही. एका बाजूने ऊस आत आला आहे. तात्या, मी आणि शेजारचा एक मुलगा नकाशा धरून बांधाबांधाने चाललो. आंबा नाही. तो तात्यांच्या लहानपणीच वादळात पडला. पण बायका अजून त्या कोपऱ्याला आंब्याचा कोपराच म्हणतात. म्हातारीने सासूकडून ऐकलं होतं ते येताना सांगितलं होतं. त्या साली कोनाडा कोरायला माणसं नव्हती, जंगमही आजारी होते, बसवायला कुणाला जमलं नाही, आडवंच ठेवलं. एका खड्ड्यात दोन-दोन, तीन-तीन.

म्हणजे माझी पणजी तिथे एकटी नाही. तिचा एक दिवसाचा मुलगा कुठे ठेवला, ते मात्र कुणीच सांगू शकलं नाही. मी त्या कोपऱ्यात बेल वाहिला, भस्म टाकलं. तात्यांनी पागोटं काढून हातात घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "नीलव्वा." त्या घरात शंभर वर्षांत ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं असेल. उसात वारा होता. बाकी काही झालं नाही.

तालुक्याहून नक्कल आली. त्यात '…लवा' असंच आहे, जसं दिसतं तसं. कारणाचा रकाना नाही. ती मी चंदगडच्या नकलेबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवली आहे, आणि दोन्हींचे फोटो तात्यांच्या घरातल्या पोरांना पाठवले आहेत.

यंदा सुगीनंतर हेळवी पुन्हा आला. तात्यांनी मला आदल्या रात्री फोन केला, "सकाळच्या गाडीनं ये." मी गेले तेव्हा तो सोप्यात बसून चहा घेत होता. तात्यांनी शेरभर जोंधळे, एक धोतरजोडी आणि वर पैसे पुढे ठेवले आणि म्हणाले, आमच्या आजोबांची एक बायको लावायची राहिलीय. त्याला वाटलं मी जमिनीच्या वाटणीसाठी आले आहे. दोन्ही नकला त्याच्यासमोर ठेवल्या. मोडी त्याला येत होती. तो वाचत गेला, मान डोलावली, मग वही उघडली, पणजोबांचं पान काढलं आणि सावत्र पणजीच्या नावाच्या वर जी बोटभर जागा होती तिथे पेन टेकवला.

"नाव?"

"नीलव्वा."

त्याने कन्नडमध्ये लिहिलं. माहेर विचारलं, ते लिहिलं. साल विचारलं, लिहिलं. आजीचं नाव खालून काढून बाण ओढून वर घेतलं.

"मुलं एकच न्हवं?"

आतून म्हातारी म्हणाली, "दोन. दोन लिही."

त्याने दोन लिहिलं.